ताबा परत देण्याची कला

व्हिडिओ गेममधलं सिनेमॅटिक पाहताना बहुतेकांची नजर झळाळीवर जाते. वाऱ्यावर उडणारी केसांची बट, चिलखतावर पडलेला प्रकाश, पाण्यातलं प्रतिबिंब. माझं लक्ष असतं शेवटच्या दोन सेकंदांवर. चित्रफीत संपून पात्राचा ताबा खेळणाऱ्याकडे जातो, तो सांधा कसा जुळवलाय? सिनेमाचा प्रेक्षक पाहायलाच आलेला असतो. गेम खेळणाऱ्याचा अंगठा बटणावर असतो आणि कंटाळा आला की तो दृश्य वगळून पुढे जातो. अशा अधीर माणसाला गोष्ट सांगायची आणि गोष्टीतलं पुढचं पाऊल त्यालाच टाकू द्यायचं, हे या कलेचं खरं काम आहे. महाराष्ट्रातलं या क्षेत्रातलं काम मला याच कसोटीवर पाहावंसं वाटतं.

हा सांधा जुना आहे. १९८७च्या ‘मेनिअ‍ॅक मॅन्शन’मध्ये रॉन गिल्बर्ट यांनी खेळ मध्येच थांबवून दुसरीकडे काय चाललंय ते दाखवलं आणि ‘कटसीन’ हे नाव रूढ केलं. दहा वर्षांनी ‘फायनल फँटसी ७’ तीन डिस्कवर आला. आधीच रेंडर करून ठेवलेल्या चित्रफितींनी लोक भारावले, पण खेळातली ठेंगणी, ठोकळ्यासारखी पात्रं चित्रफितीत मध्येच उंच आणि सुबक होत, ती फट झाकता आली नव्हती. १९९८च्या ‘हाफ-लाइफ’ने खेळणाऱ्याचा ताबा काढून घ्यायलाच नकार दिला. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’ने तर सगळी कथा एकाही कटशिवाय, सलग कॅमेऱ्यातून सांगितली. आता गेम इंजिनातच, खेळ चालू असताना दृश्य रंगवता येतं, त्यामुळे चित्रातला फरक जवळजवळ मिटलाय. रचनेतला फरक मात्र यंत्राने मिटत नाही.

ही रचना कशी होते, ते आपल्याच मुलखात नेऊन पाहू. प्रसंग खडवलीतला समजा. पावसाळ्यात फुगलेली भातसा नदी, अलीकडच्या काठावर एक मुलगी, पलीकडे अडकलेला तिचा भाऊ. चाळीस सेकंद हातात आहेत. एवढ्यात खेळणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: पाणी चढतंय, खालची वाट बुडाली आहे, वर टेकाडाकडे पायवाट आहे. आधी अंगठ्याएवढी पेन्सिलची चित्रं काढायची. मग ती कालक्रमाने जोडून, स्टुडिओतल्याच कुणाच्या तरी कच्च्या आवाजात संवाद भरून अ‍ॅनिमॅटिक करायचं. खरी काटछाट इथेच होते, कारण इथे चित्र फाडायला पैसे लागत नाहीत. फुगलेली नदी कॉम्प्युटरवर उभी करणं महागडं आणि वेळखाऊ. म्हणून हुशार स्टोरीबोर्डवाला नदी दाखवतच नाही. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना दाखवतो. भीती पाण्याच्या प्रचंडपणातून येत नाही, उरलेल्या पायऱ्या मोजण्यातून येते.

त्यानंतर लेआउट. साध्या ठोकळ्यांची माणसं उभी करून कॅमेऱ्याची जागा ठरवतात. मग अ‍ॅनिमेटर मोजक्या पोझमध्ये अभिनय बांधतो. मोशन कॅप्चरमधून शरीराचं वजन येतं, तरी बोटं, नजर आणि थबकणं हातानेच दुरुस्त करावं लागतं. प्रकाश शेवटी. आणि सगळ्यात शेवटची पोझ अशी हवी की मुलगी धापा टाकत उभी आहे, कॅमेरा तिच्या पाठीशी उतरलाय, आणि खेळात ती जशी उभी राहते त्याच पोझमध्ये हे दृश्य विरून जातं. खेळणाऱ्याचा अंगठा आपसूक पायवाटेकडे वळला, तर दृश्य जमलं.

ही समज असलेलं आपल्याकडचं सर्वांत महत्त्वाचं काम पुण्यात झालं. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२०मध्ये आला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्या या छोट्या चमूने २०१७मध्ये किकस्टार्टरवर मदत मागितली होती, ती मोहीम फसली. तरी त्यांनी खेळ पुरा केला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळवलं. कथा सांगायला त्यांनी छायाबाहुल्या निवडल्या. बाहुलीला सांधे मोजके, चेहरा स्थिर. म्हणून मान किती कलते आणि सावली कधी मोठी होते यावर सगळा अभिनय येतो. झळाळीच्या शर्यतीत मोठ्या स्टुडिओंना गाठणं अशक्य होतं, तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. ती ‘राजी’ची शान ठरली. मला खटकतो तो आवाज. दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन मूळ आवृत्तीत इंग्रजीत आहे, आणि चित्र जिथे गप्प राहू शकलं असतं तिथेही ते बोलत राहतं.

हे खटकण्याचं कारण पिंगुळीत आहे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या, दोन्ही परंपरा जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथी सादर करणारा कलावंत पोथीतलं एकेक सुटं चित्र समोर धरतो, वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातो आणि चित्र बदलतो. पुढचं चित्र कधी काढायचं हे तो समोरच्या माणसांकडे पाहून ठरवू शकतो. अ‍ॅनिमॅटिक करणाऱ्याला नेमकं हेच शिकायचं असतं: चित्र किती वेळ धरायचं. आपल्या अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमांत सॉफ्टवेअरच्या आधी पिंगुळीचे आठ दिवस असावेत, असं मला मनापासून वाटतं.

कारण हातांची आपल्याकडे वाण नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या. १९५६मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला, आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथून घडले. आज कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातून कितीतरी मुलं लोकलने मुंबईच्या स्टुडिओंत जातात. त्यांच्या वाट्याला बहुधा तुकडा येतो: कुणाला पात्राचा हलता सांगाडा बसवण्याचं काम, म्हणजे रिगिंग, कुणाला फक्त दगडांचा पोत. गोष्ट परदेशात ठरलेली असते. तुकड्यातही कसब असतं, पण दृश्य कुठे थांबवायचं हे ठरवण्याची सवय त्यातून लागत नाही. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती होती. सप्टेंबर २०२०मध्ये तिची झलक येताच चेहऱ्यांवर आणि प्रकाशयोजनेवर टीकेची झोड उठली. २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. तेव्हा भारतीय कारागिरीला नावं ठेवली गेली, हे मला अन्यायाचं वाटतं. दुसऱ्याची गाजलेली दृश्यं पुन्हा रचताना स्वतःचा निर्णय घ्यायला जागा फारच थोडी असते.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी २०५०पर्यंतचं, ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. त्यातला मोठा हिस्सा इमारती आणि यंत्रांवर गेला, तर तुकड्यांची कामं वाढतील. त्यातून थोडे पैसे लहान चमूंना फक्त अ‍ॅनिमॅटिकपर्यंत पोचायला मिळावेत, आणि त्यांचे कच्चे संवाद मराठीत असावेत. नोकरीसाठी शोरील घेऊन येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं असतं की ड्रॅगन मागे ठेवा. आधी तुमच्या गावातला तीस सेकंदांचा एक प्रसंग पेन्सिलने काढून दाखवा, आणि खेळणाऱ्याच्या हाती ताबा नेमका कोणत्या चित्रावर देणार, ते सांगा.