पाटलाची बोली आणि नटाचा विराम : निळू फुले यांच्या चरित्रभूमिकांचा विचार

मराठी बोलपटाची समीक्षा बहुधा दिग्दर्शक, कथा आणि नायक-नायिका यांच्याभोवती फिरते. चरित्रभूमिका करणाऱ्या नटाची दखल एखाद्या विशेषणात घेतली जाते आणि त्याने काय केले यापेक्षा तो कसा दिसला याचीच नोंद राहते. निळू फुले (मृत्यू १३ जुलै २००९, पुणे) यांच्याविषयी लोकप्रियतेला तोटा नव्हता. तथापि त्या लोकप्रियतेनेच त्यांच्या अभिनयाचे एक अपुरे वर्णन रूढ केले. ग्रामीण बोली, खर्जातला आवाज, तिरपी नजर आणि वाड्यावरचा पाटील एवढ्यात त्यांची कारकीर्द आटोपली असा समज नकलाकारांनी पसरवला व प्रेक्षकांनी तो स्वीकारला. या समजात नटावर अन्याय आहेच; परंतु त्याहून मोठा अन्याय ग्रामीण मराठीवर आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याची उपेक्षा करता येणार नाही.

प्रश्न असा आहे की, या भूमिकांतील दहशत कशातून निर्माण होते? ती बोलीतून येत असेल, तर ग्रामीण मराठी ही पडद्यावर दुष्टतेची खूण ठरली आणि फुले हे तिचे सर्वांत प्रभावी वाहक ठरले, असे मान्य करावे लागेल. ती अन्य कशातून येत असेल, तर ते अन्य काही कोणते, हे दाखवून देणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

या प्रश्नाला एक ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्रातील वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच वर्षी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारीही तोवर पश्चिम महाराष्ट्रात पसरू लागली होती. म्हणजे शंकर पाटील यांच्या लेखणीतून उतरलेला आणि अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक गाव बारा भानगडी’ १९६८ मध्ये आला आणि त्यातील झेलेअण्णाच्या भूमिकेने फुले सर्वत्र परिचित झाले, तेव्हा कायद्यातला पाटील संपलेला होता. उरला होता तो मते मागणारा, कर्ज मंजूर करणारा, उसाची तोड कोणाची आधी व कोणाची नंतर हे ठरवू शकणारा पुढारी. वतनदाराला हुकूम करता येत असे. या नव्या सत्ताधाऱ्याला मात्र विनंतीच्या रूपात आज्ञा द्यावी लागते. सत्तेचा पाया बदलला की तिचे व्याकरणही बदलते; आज्ञार्थाची जागा आदरार्थी रूपे घेतात. कोल्हापूरकडच्या बोलीत ‘आलासा’, ‘बसा की’ यांसारखी जी अगत्याची रूपे आहेत, ती अशा माणसाच्या तोंडी आली की ऐकणाऱ्याला नकार देण्याची सोय उरत नाही.

निळू फुले यांच्या अभिनयाचे मर्म या बदलाच्या आकलनात आहे. त्यांची पूर्वपीठिका पाहिली तर हे आकलन आकस्मिक वाटत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला, तरुणपणी पुण्यातील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला हा नट ‘कथा अकलेच्या कांद्याची’ यासारख्या लोकनाट्यातून पुढे आला. लोकनाट्याच्या वगात नटाला विरामाचे शिक्षण मिळते. प्रेक्षकांचे हसू कोठे येईल याचा अंदाज घेऊन त्याला तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. लवकर बोलले तर विनोद बुडतो, उशिरा बोलले तर थंडावतो. फुले यांनी हाच विराम बोलपटात आणला. रंगमंचावर तो प्रेक्षकासाठी असे. पडद्यावर तो समोरच्या पात्रासाठी झाला. वगात ज्या क्षणात हसू भरत असे, त्याच क्षणात आता भय भरू लागले.

डॉ. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे-पाटील हे या पद्धतीचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण होय. गावात आलेल्या व्यसनी, निराधार मास्तराला (डॉ. श्रीराम लागू) हिंदुराव आश्रय देतो, त्याचे आतिथ्य करतो, त्याच्याशी गप्पा मारतो. मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न मास्तर विचारू लागतो तेव्हाही हे आतिथ्य संपत नाही, आणि नेमके तेच अस्वस्थ करणारे आहे. फुले येथे प्रश्न व उत्तर यांच्यामध्ये एक अंतर ठेवतात. त्या अंतरात पात्राला उत्तर सुचत नाही असे वाटत नाही. उत्तर द्यावयाचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, एवढेच ते सुचवते. लागूंचा मास्तर शब्दांवर झेपावतो, तर हिंदुराव शब्द येऊ देतो. दोन नटांच्या लयींतील हा विरोध चित्रपटातील नैतिक विरोधाचा आधार बनला आहे.

याउलट ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये फुले यांनी दिगू टिपणीस हा मुंबईचा वार्ताहर उभा केला. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटाचे पटकथाकार विजय तेंडुलकर आणि दिग्दर्शक डॉ. पटेल हे ‘सामना’चेच होत. त्यामुळे लेखक, दिग्दर्शक व नट तेच ठेवून केलेला हा जणू एक प्रयोग अभ्यासकाच्या हाती आला आहे. ‘पाट’ आणि ‘पाठ’ शेजारी ठेवून आपण एका ध्वनीचे कार्य निश्चित करतो, तशीच काहीशी तुलना येथे शक्य होते. अर्थात दोन भूमिका दोन शब्दांइतक्या काटेकोर जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावयास हवे. दिगूची भाषा शहरी व प्रमाण आहे. परंतु तोही कमी बोलतो, थांबतो, ऐकतो. विराम तोच आहे, पण भय नाहीसे झाले आहे. कारण दिगूला उत्तर देण्यास कोणी बांधलेले नाही. मंत्री, कामगार पुढारी, दलाल त्याच्याशी बोलतात ते आपल्या सोयीने. हिंदुरावाचे मौन हा अधिकार होता, तर दिगूचे मौन ही असहायता आहे. चित्रपटाच्या अखेरीस त्याच्या तोंडून फुटणारे भ्रमिष्ट हास्य म्हणजे अर्थाशिवाय उरलेला आवाज होय.

बोली बदलली म्हणूनच भय गेले, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर महेश भट्ट यांच्या ‘सारांश’ (१९८४) या हिंदी चित्रपटात मिळते. त्यातील गजानन चित्रे हा मुंबईचा राजकारणी आहे. त्याच्या तोंडी ग्रामीण मराठी नाही, किंबहुना मराठी संवादच नाहीत. तरीही वृद्ध दांपत्यावर येणारे त्याचे दडपण हिंदुरावाच्या जातीचे आहे. बोली वगळली तरी दहशत टिकते, आणि अधिकार वगळला की ती मावळते. या तीन भूमिका एकत्र ठेवल्या असता निष्कर्ष स्पष्ट होतो : फुले यांच्या अभिनयात धाक बोलीच्या ध्वनींत वा प्रत्ययांत नाही; कोणी बोलावयाचे, कोणी थांबावयाचे आणि कोणाला उत्तर देणे भाग आहे, या संबंधात तो आहे.

सत्ता आणि आवाज यांचा असा संबंध अन्य देशांतील चरित्र-अभिनेत्यांनीही शोधलेला आढळतो. स्पेनचा पेपे इस्बर्त (१८८६–१९६६) आपल्या घोगऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध होता. लुईस गार्सिया बेर्लांगा यांच्या १९५३ च्या ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’मध्ये त्याने एका खेड्याचा कानाने मंद असलेला नगरप्रमुख रंगवला. गावकऱ्यांना आपण खुलासा देणे लागतो, एवढेच तो सज्जातून पुन्हा पुन्हा सांगत राहतो आणि खुलासा मात्र येत नाही. याच दिग्दर्शकाच्या १९६३ च्या ‘एल बेर्दूगो’मध्ये तोच आवाज एका वृद्ध फाशीदाराला घरगुती आजोबांसारखा जवळचा करतो. इस्बर्त पुनरुक्तीने सत्ता हास्यास्पद करतो, फुले विरामाने ती भयप्रद करतात. दोघेही सत्तेला आपल्या ओटीवर आणून बसवतात. इस्बर्तच्या घोगरेपणावरून स्पेनमधील एखाद्या प्रांताची बोली दुष्ट ठरली नाही, हा मात्र महत्त्वाचा भेद आहे.

मराठीत तसे का घडले, याची जबाबदारी सर्वस्वी नकलाकारांवर टाकता येत नाही. सत्तर व ऐंशीच्या दशकांतील अनेक चित्रपटांनी फुले यांना एकाच साच्यात पुन्हा पुन्हा वापरले. त्या पटकथांत सहकार, निवडणूक, कर्ज यांपैकी काहीच नसते. असते ती केवळ एका स्त्रीवर नजर ठेवणारी वासना. अधिकाराची रचनाच काढून टाकल्यावर विरामाला आधार राहत नाही आणि प्रेक्षकाच्या कानात केवळ बोलीच उरते. फुले यांनी अशा भूमिका नाकारल्या नाहीत. उलट त्यांच्या संयमामुळे त्या अधिक पटण्याजोग्या झाल्या, म्हणून अधिक अपायकारकही. डॉ. लागू यांच्यासह सामाजिक कृतज्ञता निधीचे कार्य करणाऱ्या या विवेकी नटाच्या कारकिर्दीतील ही विसंगती आदरापोटी झाकणे योग्य नव्हे. ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकात जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाची ओबडधोबड भाषा त्यांनी ज्या ताकदीने पेलली, तीवरून बोली आणि स्वभाव यांचा संबंध जन्मसिद्ध नसतो हे त्यांना पुरते उमगले होते असे दिसते. त्या उमजेचा लाभ सर्वच चित्रपटांना झाला नाही.

या चर्चेचा संबंध केवळ चित्रपटाशी नाही. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेभोवती वाढलेल्या कर्वेनगरात आणि एकंदर पुण्यात सातारा, सांगली, सोलापूर, बीड या जिल्ह्यांतून मुले-मुली शिकावयास येतात. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘पानी’ असे उच्चार त्यांच्या तोंडून निघाले की वर्गात हसू उमटते, आणि त्या हसण्यात पडद्यावरच्या पाटलाचाही वाटा असतो. ज्या बोलीत आई हाक मारते तीच बोली खलनायकाची म्हणून ऐकावी लागणे, ही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. अनेकजण काही महिन्यांत आपली भाषा बदलतात, आणि काहीजण वर्गात बोलणेच सोडून देतात.

म्हणून निळू फुले यांच्या भूमिकांचा अभ्यास करताना त्यांच्या संवादांचे ध्वनिलेखन करण्यापूर्वी त्यांच्या विरामांचे मोजमाप व्हावे. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे दोन चित्रपट पदव्युत्तर वर्गात एकापाठोपाठ दाखवावेत व प्रत्येक प्रसंगात प्रश्न कोण विचारतो, उत्तर किती वेळाने येते आणि न आल्यास काय घडते, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. तशी नोंद झाली म्हणजे धाक आणि बोली यांची नकलांनी घातलेली गाठ सुटू लागेल, आणि एका थोर नटाचे खरे सामर्थ्यही नीट ऐकू येईल.