भिंतीवरची गोधडी

आपल्याकडे गोधडीवर लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप ओलसर होते. आजीची माया, आईच्या लुगड्याची ऊब, बालपणीचा तो वास. हे सारे खरे असेल. परंतु त्यातून एखादी गोधडी चांगली की सामान्य, याचा निवाडा होत नाही. कवितेला समीक्षक भेटला, चित्राला भेटला. गोधडीच्या वाट्याला गहिवर तेवढा आला.

हे मनात येण्याचे कारण, यंदा पावसाळा सरताना रोह्याच्या एका महिला मंडळाने भरविलेले प्रदर्शन. मंडळातल्या बायका स्वतः गोधड्या शिवतात. पेणच्याही काहीजणी गाडीने येऊन त्यांच्यात बसतात. पाहुणी म्हणून बोलावली होती उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळकडची एक सिद्दी बाई. तिच्याकडे गोधडीला कवंदी म्हणतात. अशा कवंद्यांचे प्रदर्शन २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात झाले होते. रोह्यापर्यंत त्या आता आल्या.

उद्घाटनाच्या वक्त्यांनी पाहुणीचा संबंध जंजिऱ्याच्या सिद्दींशी जोडला. जंजिरा आमच्या शेजारचा, मोह आवरला नाही. पण जंजिऱ्याचे सिद्दी १९४८ पर्यंत राज्यकर्ते होते, आणि हल्याळ-यल्लापूरच्या रानात वसलेल्यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम. तिची कवंदी समजायला नवाबाची वंशावळ काय कामाची?

कामाची आहे ती शिवण्याची रीत. कवंदी कडेपासून सुरू होते. खाली जुनी साडी अंथरायची, तिच्या कडेशी पहिली ठिगळे दुमडून धावदोऱ्याने बसवायची, आणि चारही बाजूंनी फिरत फिरत मधोमध यायचे. आधी काढलेला आराखडा नसतो. हाताशी आलेले पुढचे फडके मागच्या फडक्याला उत्तर देते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी 'फुले' नसतील तर कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. म्हणजे दोरा येथे केवळ सांधण्याचे काम करीत नाही. शिवणारीने कोठे काय ठरविले, त्याचा तो माग आहे. आणि तो माग स्वच्छ दिसतो उलट्या बाजूने, जेथे रंगांचा गलबला नसतो, नुसत्या टाक्यांच्या ओळी फिरत असतात. मंडळाने नेमकी तीच बाजू भिंतीकडे केली होती, आणि वर पाटी होती: 'हात लावू नये'.

परिणाम व्हायचा तोच झाला. गर्दी जमली ती तीन तांबड्या-पिवळ्या कवंद्यांपुढे. कापड कोरे, तुकडे एका मापाचे, रंग आधीच जुळविलेले. टाका निर्दोष, पण मध्यापर्यंत पोहोचताना शिवणारीला ठरवायला काही उरलेच नाही, हे कडा पाहूनच कळते. दाराआड एक लहानशी कवंदी होती, खाकी आणि विटक्या निळ्या रंगाची. शाळेच्या गणवेशाचे कापड मी ओळखणार नाही तर कोण? डाव्या अंगाला लांब पट्ट्या, मग एकाएकी बारीक तुकड्यांची दाटी, आणि मध्यापासून जरा सरकलेली तांबड्या काठाची एक चिंधी. ती चिंधी मनातल्या मनात काढून पाहिली. सारी कवंदी मालवली.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. या खाकी कवंदीला ती चपखल बसतात. पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. विटलेल्या कापडाचा मऊपणा, थरांचे वजन, टाक्याने धरलेला ताण, हे सारे हाताला कळते. आणि अंगावर घेण्याचा उपयोग बाजूला ठेवला की यांतले काहीच उरत नाही. निदान पेणकरांना तरी हे सांगावे लागू नये. तेथे गणपतीची मूर्ती विसर्जनासाठीच घडते, म्हणून काही कारागीर डोळ्यांच्या आखणीत हयगय करीत नाही. घेणाराही 'बुडवायचीच आहे' म्हणून डोळे न पाहता मूर्ती उचलीत नाही.

भिंतीचा हा मोह एकट्या रोह्याचा नव्हे. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात टांगल्या गेल्या, तेव्हा त्यांची थोरवी सांगायला मातीस आणि क्ले यांची नावे घ्यावी लागली. २००६ साली त्या टपालाच्या तिकिटांवर आल्या. २००७ साली त्यांतल्याच काहीजणी आपल्या हक्कासाठी न्यायालयात गेल्या.

मंडळाच्या पाहुणचारात उणे नव्हते. सतरंज्या अपुऱ्या पडल्या तेव्हा बायकांनी आपापल्या घरच्या गोधड्या आणून अंथरल्या आणि सभा त्यांवर बसली. भाषणे चालू असताना पाहुणीने मांडीखालच्या गोधडीचा कोपरा उलटला, टाक्यांवरून अंगठा फिरविला आणि शेजारणीला विचारले, "ही कुणाची?" तिची बोली कोकणीच्या वळणाची, दुभाष्या लागला नाही. ती गोधडी मीही नंतर पाहिली. पोटात धोतर, वर नऊवारीचे हिरवे काठ, टाके तांदळाएवढे. भिंतीवरच्या निम्म्यांना तिने मागे टाकले असते. जिने शिवली ती तेव्हा आत चहा गाळीत होती.

किमती लांबी-रुंदीवरून लावल्या होत्या. त्यामुळे खाकी कवंदी सर्वांत स्वस्त ठरली, आणि तरीही कोणी घेतली नाही. तांबड्या-पिवळ्या तिन्ही पहिल्याच दिवशी खपल्या.