काठिण्यदर्शक इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द : एक चिकित्सा

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविताना वाक्प्रचारांच्या याद्यांचा आधार घेतला जातो. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे मराठी प्रतिशब्द, असे त्यांचे स्वरूप असते. एखादे काम किती सोपे वा अवघड आहे हे सांगणाऱ्या वाक्प्रचारांच्या बाबतीत ही पद्धती विशेष अपुरी ठरते, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पेण व रोहा येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाची उदाहरणे घेतली आहेत.

'पीस ऑफ केक' म्हणजे 'हातचा मळ' ही जोडी पाहू. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे अत्यंत कौशल्याचे काम मानले जाते. 'आखणी हा त्या कारागिराच्या हातचा मळ आहे' असे म्हटल्याने त्याच्या दीर्घ सरावाचा गौरव होतो; काम मात्र इतरांसाठी अवघडच राहते. याउलट, 'आखणी म्हणजे पीस ऑफ केक' एवढेच म्हटले तर काम मुळातच क्षुल्लक ठरते. इंग्रजीतही 'त्याच्यासाठी' हा शब्द जोडून हा दोष टाळता येतो. परंतु यादी ते सांगत नाही.

'हर्क्युलियन टास्क' आणि 'भगीरथ प्रयत्न' यांचेही तसेच आहे. हर्क्युलिस हा ग्रीक पुराणकथांतील बलाढ्य वीर; भगीरथ हा पूर्वजांचे अपुरे कार्य तपश्चर्येने पूर्णत्वास नेणारा. रोह्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. या कार्याला दोन्ही शब्दप्रयोग लागू पडतात. तथापि, सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचा आवाका पहिल्यातून सूचित होतो, तर पेडणे येथील बोगद्यात माती वारंवार ढासळत असतानाही टिकून राहिलेली चिकाटी दुसऱ्यातून.

तिसरा मुद्दा वक्ता व श्रोता यांच्या नात्याचा आहे. 'पीस ऑफ केक' मित्रांच्या गप्पांत शोभतो, नोकरीच्या अर्जात नव्हे. 'ईझियर सेड दॅन डन' हा सल्ला देणाऱ्यास घेतलेला सौम्य आक्षेप असतो. 'इट इज नॉट रॉकेट सायन्स' या उद्गारातून समोरच्याच्या आकलनशक्तीवरच ठपका येऊ शकतो. अध्यापकाने एखाद्या घटकाला 'चाइल्ड्स प्ले' म्हटले, तर ज्याला तो घटक समजलेला नाही तो विद्यार्थी शंका विचारण्यास कचरतो. म्हणजेच असे वाक्प्रचार कामाचे मोजमाप करतातच, शिवाय ते माणसाचेही मूल्यमापन करतात.

सारांश, प्रत्येक वाक्प्रचारासोबत काम कोणासाठी अवघड, कोण कोणास म्हणतो आणि कोणत्या प्रसंगी, या तीन बाबींची नोंद आवश्यक आहे. आखणी, भातलावणी अशा परिचित कामांचे वर्णन विद्यार्थ्यांकडून दोन्ही भाषांत करवून घेतल्यास हा भेद त्यांच्या सहज लक्षात येईल. प्रतिशब्द पाठ असणे म्हणजे वाक्प्रचार अवगत असणे नव्हे, ही जाणीव अध्यापनात प्रथम रुजावयास हवी.