एका नावामागच्या अनेकजणी

पश्चिम रेल्वेवर 'डहाणू रोड' या नावाचे स्थानक आहे. खाडीकाठचे मूळ डहाणू गाव त्याहून निराळे. नवखा उतारू दोहोंची गल्लत करतो, पण स्थानकाबाहेर कोणालाही विचारले की त्याची शंका फिटते. माणसांच्या नावांची गल्लत इतक्या सहज फिटत नाही. 'रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी सदन काढले' हे वाक्य शाळकरी निबंधात येते, सभेच्या भाषणात येते, क्वचित छापील मजकुरातही येते. कोणत्या रमाबाईंनी? १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाई वेगळ्या आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे वेगळ्या. दोघी समकालीन, दोघींचे कार्य स्त्रीशिक्षणाचे, दोघींच्या संस्थांच्या नावात 'सदन'. मग वाचक दोघींना मिळून एकच आदरणीय मूर्ती तयार करतो आणि तिला हार घालून मोकळा होतो.

मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांवर बोलताना ही गल्लत किरकोळ मानून चालणार नाही, असे आमचे मत आहे. या लेखिकांची नावे एकमेकींशी का जुळतात, याचा शोध घेतला तर त्यांच्या पुस्तकांकडे पाहण्याची एक वाट सापडते. त्या वाटेने थोडे चालून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या दोघी रमाबाईंकडे पाहू. पंडिता रमाबाईंचे 'रमा' हे नाव जन्मापासूनचे. ज्या अनंतशास्त्री डोंगरे यांनी हे नाव ठेवले, त्यांच्याच घरात मुलीला संस्कृतचे धडे मिळाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी नावामागे 'पंडिता' ही पदवी जोडली. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. इतक्या स्थित्यंतरांतून गेल्यावरही महाराष्ट्र त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखत राहिला आणि त्यांनीही ते नाव टाकले नाही.

रमाबाई रानडे यांचे तसे नाही. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या घरी जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानडे यांच्याशी तिचे लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. म्हणजे जे नाव एकीला बापाने पाळण्यात दिले, तेच दुसरीला सासरने उंबरठ्यावर दिले.

१८८२ मध्ये पंडिताबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि या दोन रमाबाई एकमेकींसमोर आल्या. पंडिताबाईंच्या व्याख्यानांना जाण्यावरून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून जो त्रास सोसावा लागला, तो रमाबाई रानडे यांनी पुढे लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी पंडिताबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांची आणि स्त्री-शिक्षकांची मागणी केली. पुढे १८९३ मध्ये शारदासदनातील मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि दोन्ही घरांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आता त्यांच्या पुस्तकांची नावे पाहावीत. रमाबाई रानडे यांचे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. यातील 'आमच्या' या शब्दावर वाचकाने क्षणभर थांबावे. हे आयुष्य एकटीचे नाही, जोडप्याचे आहे. किंबहुना ते बव्हंशी पतीचे आहे आणि लेखिका त्याची साक्षीदार आहे. असे असूनही या पुस्तकाचे खरे मोल आम्हांला पतीच्या गौरवात दिसत नाही. एकीकडे शिकवू पाहणारा नवरा, दुसरीकडे त्या शिकण्यावर रागावणारे स्वयंपाकघर, आणि मधे उभी असलेली मुलगी दोन्हीकडे वाईट न दिसण्यासाठी जी कसरत करते, तिचे वर्णन हे त्या पुस्तकाचे मोल. 'आमच्या' या शब्दाच्या आडून 'मी' जिथे जिथे डोकावते, तिथे ते पुस्तक जिवंत होते.

पंडिताबाईंचे १८८९ चे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' वाचताना असा आडोसा शोधावा लागत नाही. तिथली राज्यपद्धती, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांविषयी लेखिका आपले मत स्वतःच्या नावावर मांडते. दोन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर 'रमाबाई' आहे. आत बोलणारा आवाज मात्र एक नाही. ज्या वाचकाच्या मनात दोघींची एकच मूर्ती झाली आहे, त्याला हे दोन्ही आवाज ऐकू येत नाहीत. यातच नुकसान आहे.

तिसऱ्या रमाबाई आंबेडकरांच्या. जन्म १८९८, माहेरचे नाव रामी, विवाह १९०६ मध्ये, मृत्यू १९३५ मध्ये. त्यांनी पुस्तक लिहिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते, ते इतरांच्या लेखणीतून. पहिल्या दोघींचे शब्द आपण वाचू शकतो. तिसरीसाठी आपल्याला इतरांच्या शब्दांवर विसंबावे लागते. समीक्षकाने हा भेद विसरू नये. ज्यांनी लिहिले त्यांच्या मापाने न लिहिणारीला मोजणे हा अन्याय होईल, आणि तिच्या तोंडी आपलीच वाक्ये घालणे हा त्याहून मोठा.

रमाबाईंचा हा मेळ योगायोगाचा नाही हे ध्यानात यायला दुसरे एक नाव पुरते: लक्ष्मीबाई. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मनकर्णिका तांबे. १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाल्यावर ती लक्ष्मीबाई झाली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी लग्न झाल्यावर त्याही लक्ष्मीबाई झाल्या. दोन मनकर्णिका, दोन लक्ष्मीबाई. एकीच्या नावे चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे उभे आहेत. दुसरीच्या नावे १९३४ पासून चार भागांत आलेले असे पुस्तक आहे, ज्यातील विनोदाची आणि निर्मळ सांगण्याची बरोबरी मराठीत फार थोड्यांना साधली.

या नावांचे अर्थ शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट लख्ख दिसते. मनकर्णिका हा काशीचा घाट. यमुना ही नदी. माहेरी मुलीला पाण्याचे, तीर्थाचे नाव मिळे. 'रमा' आणि 'लक्ष्मी' ही मात्र एकाच देवतेची दोन नावे. घरात येणारी सून ही लक्ष्मी, म्हणून तिला हे नाव किंवा ते. सासरने दिलेल्या नावात मुलीची ओळख नसे, घराची अपेक्षा असे. ती अपेक्षा सगळ्या घरांची सारखी, म्हणून नावेही सारखी. रमाबाई आणि लक्ष्मीबाई आपल्या वाङ्मयात वारंवार भेटतात, त्याचे एक मोठे कारण हेच असावे.

'आनंदी' हे असेच तिसरे नाव. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि १८८७ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या आत, वारली. तिच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्याही आनंदीबाई झाल्या. लोकांनी त्यांना पुढे 'बाया कर्वे' म्हटले. त्यांचे आत्मकथन 'माझे पुराण'. इथे मात्र शीर्षकातच 'माझे' आले आहे. ज्या बाईचे नाव दुसऱ्यांदा मांडलेल्या संसारात बदलले, तिने आपल्या कथेवर आपला हक्क निःसंकोचपणे सांगितला. 'आमच्या'पासून 'माझे'पर्यंतचा हा प्रवास मराठी आत्मकथनाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे.

गोदू या नावाने आम्ही आता आमच्याच परिसरात येऊन पोहोचतो. १९०७ साली पुण्यात जन्मलेल्या गोदावरी गोखले यांनी १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी विवाह केला. त्यांचे आडनाव बदलले, पण नाव बदलले नाही. सेहेचाळीस वर्षांपूर्वी एका गोदूची आनंदी झाली होती. ही गोदावरी गोदावरीच राहिली. १९४५ साली ती डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये आली. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी गावी भरलेल्या सभेत वेठीविरुद्धचा निर्धार झाला. ऑक्टोबरात तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. या लढ्याची कथा गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. ते १९७० साली आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या पुस्तकाच्या शीर्षकात 'मी' नाही, 'आमचे' नाही. आहे तो 'माणूस'. हे शीर्षक अचूक आहे. वेठीला जुंपलेला, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराचा 'लग्नगडी' झालेला वारली स्वतःला माणूस म्हणू लागतो, हा या कथेचा गाभा. लेखिकेचा स्वतःचा संसार पुस्तकात जवळजवळ येत नाही. काही वाचकांना ही उणीव वाटते. आम्हांलाही रमाबाई रानडे यांच्या स्वयंपाकघरातली ती सूक्ष्म घुसमट किंवा लक्ष्मीबाई टिळकांची मिस्किल नजर इथे कधी कधी हवीशी वाटते. पाड्यावरच्या बायका लढ्यात कशा वागल्या, हे लेखिकेइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. त्यांच्या मनात शिरण्यासाठी लेखणी आणखी थोडी थांबली असती तर पुस्तक अधिक खोल झाले असते. तरीही स्वतःला मागे ठेवून दुसऱ्याचे नाव पुढे आणणे ही या लेखिकेची निवड आहे, आणि रमाबाई रानडे यांच्या मागे राहण्याहून ती वेगळी आहे. एकीला घराने मागे ठेवले. दुसरी आपण होऊन मागे राहिली.

'दुसऱ्याचे नाव पुढे आणणे' असे आम्ही म्हणतो ते शब्दशः. आमच्या भागातील आदिवासींची नावे वारांवरून ठेवण्याची चाल जुनी आहे: सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. एकेका पाड्यावर एकाच नावाची अनेक माणसे सापडतात. वारली चित्रकला जगभर नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावातला 'सोमा' आमच्याकडे घरोघर भेटेल. बाहेरच्या माणसाला ही नावे एका छापाची वाटतात आणि त्यामागची माणसेही एका छापाची वाटू लागतात. गोदावरीबाईंच्या पुस्तकात जेव्हा एखादा वारली आपल्या नावाने आणि आपल्या कृतीने उभा राहतो, तेव्हा तो छाप मोडतो.

कॅथलिक वाचकाला सारख्या नावांचा अनुभव नवा नाही. स्नानसंस्काराच्या वेळी संतांचे नाव दिले जाते, त्यामुळे एका धर्मग्रामात एकाच नावाचे अनेकजण असतातच. मराठीत लिहिणाऱ्या वसईच्या धर्मगुरूंमध्येच दोन फ्रान्सिस आहेत: २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे, २०२४ मध्ये दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि सामवेदी ख्रिस्ती समाजाचे अभ्यासक फादर फ्रान्सिस कोरिया. संताचे नाव देताना मुलापुढे एक आदर्श ठेवलेला असतो, हे खरे. पण पोर्तुगीज अमदानीत आमच्या पूर्वजांची जुनी नावे-आडनावेही पुसली गेली, हे विसरून दुसऱ्यांच्या चालीरीतींवर बोट ठेवणे आम्हांला शोभणार नाही. आमच्या धर्मग्रामाच्या दप्तरांतही कित्येक यमुना आणि मनकर्णिका लपलेल्या असतील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या नियतकालिकांनीही लेखिकेचा उल्लेख नुसत्या 'रमाबाई', 'लक्ष्मीबाई', 'आनंदीबाई' असा करू नये. पूर्ण नाव द्यावे, आणि माहेरचे नाव ठाऊक असेल तर तेही द्यावे. पुस्तकावर लिहिताना आधी ते कोणत्या रमाबाईंचे हे सांगावे आणि मगच थोरवीची विशेषणे वापरावीत. तलासरीच्या शाळेत बसलेल्या मुलीने 'रमाबाई' हा धडा वाचला तर तिला कळायला हवे की त्या नावाची एक बाई अमेरिकेपर्यंत गेली, एक घरातल्या बायकांचे बोल सोसत अक्षर शिकली, आणि एकीने काहीच लिहिले नाही. या तिघींतली आपल्याला जवळची कोणती, हे मग तिचे तिने ठरवावे.