ऋतू कुठे आहे?

गेल्या श्रावणात माझ्या पुतण्याची मुलगी आमच्याकडे बेळगावला आठ दिवस राहून गेली. ती पुण्यात जपानी भाषेची पदवी घेत आहे आणि त्या शिक्षणाच्या मध्यंतरात एक वर्ष कानाझावा येथील विद्यापीठात काढून नुकतीच परतली होती. परदेशांत जपानी हाच मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना जपान सरकारचे शिक्षण मंत्रालय अशी शिष्यवृत्ती देते. सुमारे वर्षभराच्या या अभ्यासाची वेगळी पदवी मिळत नाही. विद्यार्थ्याने तेथे राहून भाषा, साहित्य आणि समाज यांचा अभ्यास करावा व परत येऊन आपल्या विद्यापीठातील पदवी पूर्ण करावी, अशी ही योजना आहे.

एके दुपारी पाऊस लागला होता. माझ्या कपाटातील मराठी हायकूंचा एक संग्रह काढून ती वाचत बसली. वीस-पंचवीस हायकू वाचून झाल्यावर तिने विचारले, ‘आजोबा, यात ऋतू कुठे आहे?’

मी सवयीने उत्तर दिले, ‘हायकूत क्षण असतो बाळ, ऋतू कशाला हवा?’ ती वाद घालणारी नाही. तिने आपल्या पिशवीतून एक जाडजूड छोटे पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. ते ऋतुशब्दांचा कोश होते. जपानीत त्याला ‘साइजिकी’ म्हणतात. वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि नववर्ष असे पाच विभाग करून त्यात शब्द लावलेले असतात. शब्दाचा अर्थ आणि त्या शब्दावर पूर्वसूरींनी केलेल्या रचना त्याखाली दिलेल्या असतात. हायकू लिहू पाहणारा जपानी माणूस हे पुस्तक हाताशी ठेवतो. मी तीस-चाळीस वर्षे मराठी हायकू वाचत आलो, त्यांवर आमच्या मंडळात दोनदा बोललोही, परंतु या कोशाविषयी मी कधी गंभीरपणे विचार केला नव्हता. प्रस्तुत लेख त्या दुपारच्या प्रश्नातून निघाला आहे.

मराठी माणसाला जपानचे आकर्षण नवे नाही. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला तेव्हापासून तो देश आपल्या मनात घर करून आहे. १९१५ साली महर्षी कर्वे यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. एका पुस्तिकेने एवढे कार्य घडवल्याचे उदाहरण विरळाच. पण ती पुस्तिका इंग्रजीत होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जपान आपल्याकडे आला तो पुष्कळदा इंग्रजीच्या खिडकीतून आला. खिडकीतून उजेड येतो, वाराही येतो. घरात जायचे असेल तर मात्र दारच शोधावे लागते.

पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली प्रसिद्ध झाले. काही काळ आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवलेले आणि ‘रावसाहेब’ लिहून बेळगावच्या मराठीला अमर करून गेलेले पु. ल. आपल्याला जवळचे. ‘पूर्वरंग’मधील जपान मी आजही आनंदाने वाचतो. तरीही तो प्रवाशाने पाहिलेला जपान आहे. त्यात नजर तीक्ष्ण आहे, माणसांविषयी अपार ओढ आहे, पण त्या माणसांचे आपापसातील बोलणे लेखकाच्या कानापर्यंत अर्थासकट पोहोचत नाही. याच पु. लं.नी पुढे पन्नाशीच्या घरात शांतिनिकेतनात जाऊन विद्यार्थ्यासारखी बंगाली गिरवली आणि १९७४ साली ‘वंगचित्रे’ दिले. ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. पहिल्यातला लेखक पाहुणा आहे. दुसऱ्यातला शिकाऊ आहे, चुकतो, हसतो, दुरुस्त होतो. माझ्या मते ‘वंगचित्रे’ची खोली या शिकाऊपणातून आली आहे. परक्या संस्कृतीविषयीच्या आपल्या लेखनाला लावण्याजोगी याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

हीच कसोटी हायकूला लावून पाहू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार इंग्रजी अनुवादांच्या वाटेने मराठीत आणला आणि २०१७ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्या त्याच्याशी एकनिष्ठ राहिल्या. आचार्य अत्र्यांची ही कन्या वडिलांच्या गडगडाटी शैलीच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन तीन ओळींत कुजबुजत राहिली, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. त्यांच्या रचनांत पक्षी, पान, सावली, एकटेपण यांचे जे सूक्ष्म दर्शन होते ते अस्सल आहे. तेव्हा मूळ जपानी नियम मोडले म्हणून त्यांना दोष देणे हा पंडिती हट्ट ठरेल. केशवसुतांनी १८९२ साली सुनीत लिहिले ते इटालियन सुनिताची हुबेहूब नक्कल नव्हती, आणि सुरेश भटांची गझल फार्सी गझलेची सावली नव्हे. काव्यप्रकार परगावी गेला की तिथले पाणी पितो.

माझा प्रश्न वेगळा आहे. काय बदलले हे आपल्याला ठाऊक होते का? जाणून केलेला बदल आणि न कळता झालेली गळती यांत समीक्षेने फरक केला पाहिजे.

पाच-सात-पाच या मोजणीचेच पाहा. मराठीत कुणी ती अक्षरांनी पाळली, कुणी सोडून दिली. पण जपानी मोजणी आपल्या अक्षरांची नव्हेच. ‘टोकियो’ हा शब्द जपानी कानाला ‘तो-ओ-क्यो-ओ’ असा चार मात्रांचा ऐकू येतो. ‘शिन्बुन’ म्हणजे वर्तमानपत्र, त्यातील प्रत्येक ‘न्’ स्वतंत्र मोजला जातो. मात्रावृत्तांवर पोसलेल्या आपल्या कानाला हे समजायला अवघड नव्हते. इंग्रजीने त्याचे ‘सिलॅबल’ केले आणि आपण त्या सिलॅबलचे अक्षर केले, त्यात मूळ लय निसटली. मग ती उणीव भरून काढायला मराठी हायकूत यमक आले, जे जपानी हायकूत नसते.

दुसरी गळती ‘किरेजि’ची, म्हणजे छेद देणाऱ्या शब्दाची. ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे हे शब्द आहेत. त्यांना कोशातला नेमका अर्थ नाही. ते रचना तोडतात, थांबवतात आणि दोन चित्रांमध्ये पोकळी ठेवतात. इंग्रजी अनुवादात त्यांची आडवी रेघ झाली आणि मराठीत पुष्कळदा तीन टिंबे. नात म्हणाली, ‘आजोबा, मराठीत असे शब्द नाहीत का?’ विचार करता मला जात्यावरची ओवी आठवली. तिच्यातले ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ हे शब्द अर्थासाठी येत नाहीत, श्वासासाठी येतात. त्या ठिकाणी दळणारीचा हात क्षणभर सैल होतो आणि मन दुसरीकडे वळते. शिवाय हायकूचा उगमही एकट्याच्या चिंतनात नाही. अनेक कवींनी मिळून एकेक कडी जोडत जाण्याची जी साखळी-कविता होती, तिच्या पहिल्या कडीला ‘होक्कु’ म्हणत. बाशो (१६४४–१६९४) याने त्या कडीला उंची दिली आणि मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने ती साखळीतून वेगळी काढून ‘हायकू’ हे नाव रूढ केले. म्हणजे एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने ती पुढे न्यावी, या आपल्या परंपरेशी हायकूचे नाते जोडता आले असते. आपण ते जोडले ते पाश्चात्त्य वाचकाला भावलेल्या, एकान्तातील ‘झेन क्षणा’शी.

तिसरी आणि सर्वांत मोठी गळती ऋतूची. कानाझावाला जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, अशा अर्थाची म्हण आहे म्हणे. नात म्हणाली, ‘तिथे मला बेळगावच आठवायचे.’ पण तिथल्या पावसाला शंभर नावे आहेत. आंब्यासारख्या एका फळाच्या पिकण्याशी जोडलेला पावसाळी हंगाम तो ‘त्सुयु’; शरद सरताना आणि थंडी येताना जाता जाता शिंपडून जाणारी सर ती ‘शिगुरे’. बाशोची पुण्यतिथी ‘शिगुरे’च्या नावाने ओळखली जाते. १६८९ सालच्या आपल्या पायी प्रवासात तो कानाझावालाही थांबला होता. ‘शिगुरे’ हा एक शब्द रचनेत आला की थंडीची चाहूल, आयुष्याचे क्षणिकपण, बाशोची स्मृती आणि तीनशे वर्षांची कविता एकदम जागी होते. म्हणून तीन ओळी पुरतात. आपल्या मराठी हायकूत पाऊस पुष्कळ आहे, पण तो बहुधा नुसता ‘पाऊस’ असतो. त्याला नाव नसते, आणि नाव नसले की त्याला स्मृतीही राहत नाही.

असे शब्द मराठीत नाहीत म्हणावे, तर माझी सारी नोकरीच खोटी ठरेल. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढली. चिकोडी, हुक्केरी, खानापूर, निपाणी या भागांत पीक-पाण्याच्या पाहणीसाठी हिंडलो. शेतकरी कधी ‘जून’ किंवा ‘जुलै’ म्हणत नसे. तो म्हणे मिरग निघाला, आर्द्रा कोरडी गेली, तरण्या पावसाने हात दिला, म्हाताऱ्याने लावण साधली, हत्ती बरसला. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा म्हणणारी भाषा ऋतुशब्दांनी दरिद्री कशी असेल? तो कोश छापला गेला नाही, एवढेच. निपाणीच्या तंबाखूवाल्यापासून खानापूरच्या भात पिकवणाऱ्यापर्यंत तो सर्वांच्या तोंडी होता. मी मात्र तो ऐकत होतो आणि अहवालात मिलिमीटर लिहीत होतो.

आपल्या इंदिराबाई संतांनी हायकू लिहिले नाहीत. तरी बेळगावच्या अंगणातला पाऊस त्यांच्या कवितेत शोभेसाठी येत नाही. विरहाची अवघी भावना त्या ऋतूच्या आधाराने उभी राहते. ऋतुशब्द म्हणजे काय, हे मराठीत समजून घ्यायचे असेल तर अनुवादित हायकूंपेक्षा ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’ यांच्याकडे आधी जावे, असे आता मला वाटते.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. हुक्केरीचा कन्नड शेतकरीही हेच बोले: रोहिणी मळे, आरिद्रा मळे. नक्षत्रे तीच, आभाळ तेच. मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलत होतो, टिपणेही कन्नडमध्ये लिहीत होतो. नोकरीत रुजू झाल्यावर खात्याची कन्नड परीक्षा द्यावी लागली होती. ती उत्तीर्ण झालो आणि त्या दिवशी माझ्यापुरती ती भाषा संपली. सक्तीची भाषा म्हणून ती मनात एका बाजूला ठेवून दिली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच घडले आहे, आणि त्याची कारणे आपल्याला सांगायला नकोत. १९५६ पासूनचे दुःख खरे आहे, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावाही खरा आहे. त्यातले एक अक्षरही मी मागे घेत नाही.

पण माझी नात दोन हजारांहून अधिक चित्रलिपी-चिन्हांशी झुंजते, आदराच्या क्रियापदांचे थर पाठ करते, चुकली तर हसून पुन्हा म्हणते. आणि तिच्या भाषेत कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम मराठीसारखाच, शब्दामागून लागणारे प्रत्यय मराठीसारखे, किंबहुना काना वर्णांची जुळणीही बौद्ध भिक्षूंबरोबर तिथे गेलेल्या भारतीय वर्णमालेवर बेतलेली. एवढे सगळे ती हौसेने शिकते हे पाहून मला अभिमान वाटला, आणि मागोमाग स्वतःची लाजही वाटली. दाराशेजारची भाषा मी चौतीस वर्षे वापरली, पण शिकलो नाही. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. धारवाडच्या या कवीला ‘नाकु तंति’साठी ज्ञानपीठ मिळाले, हे मी सामान्यज्ञानाच्या प्रश्नासारखे जाणून होतो. बालकवींची श्रावणाची कविता माझ्या पिढीला तोंडपाठ आहे, आणि बेंद्र्यांची श्रावणाची कविता कन्नड मुलांना. दोन्ही श्रावण एकाच आभाळातले. ती दुसरी कविता मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, गेल्या श्रावणात, प्रथमच वाचली. तीन शब्दांसाठी शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागले. फायलींच्या कन्नडमध्ये ते शब्द कधी आले नव्हते.

यातून समीक्षेला काय घेता येईल? दुसऱ्याच्या वाङ्मयाविषयी लिहिताना आपण पाहुणे आहोत की विद्यार्थी, हे लेखकाने आधी स्वतःशी ठरवावे. पाहुण्याचे लेखन वाईट नसते. त्याने घरच्यासारखा निवाडा मात्र देऊ नये. मराठीत आता जपानी शिकून आलेल्या मुलामुलींची एक पिढी पुण्यात तयार आहे. बहुतेकांना उद्योग-व्यवसायात मागणी आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांतल्या चार-दोघांनी जरी मूळ जपानीतून थेट मराठीत हायकू आणले, ऋतुशब्दांच्या टिपांसह आणले, तर आपला हायकू पुन्हा नव्याने पाहता येईल, आणि शिरीषताईंचे खरे कर्तृत्वही तेव्हाच नीट मोजता येईल.

जाताना नातीने एक काम सोपवले. पावसाच्या नक्षत्रांची आपल्या भागातील बोली नावे आणि म्हणी, मराठी व कन्नड अशा दोन रकान्यांत, तिला लिहून हव्या आहेत. मी सुरुवात केली आहे. मराठी रकाना हत्तीपर्यंत भरला. कन्नड रकाना मघाशी अडला आहे. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुन्या म्हणी, ओव्या किंवा शेतातले असे शब्द कुणाच्या स्मरणात असतील, दोहोंपैकी कोणत्याही भाषेतले, त्यांनी ते मंडळाच्या पत्त्यावर अवश्य कळवावेत. सांगणारी माणसे आहेत तोवर हे लिहून ठेवले पाहिजे.