इस्लाह आणि अभिप्राय : विद्यार्थ्यांच्या छोट्या व्हिडिओ गेमची समीक्षा

'गेम मेकर' (१९९९), 'स्क्रॅच' (२००७) यांसारख्या साधनांमुळे संगणकाचे जुजबी ज्ञान असलेल्या विद्यार्थ्यालाही स्वतःचा छोटा व्हिडिओ गेम तयार करता येतो. अ‍ॅनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी केंद्र शासनाने २०२२ साली कार्यदल नेमल्यानंतर या विषयाकडे शिक्षणसंस्थांचेही लक्ष वेधले गेले. गेम कसा करावा हे सांगणारी पाठ्यसामग्री उपलब्ध आहे. तयार झालेल्या गेमवर शिक्षकाने काय बोलावे, या प्रश्नाचा मात्र पुरेसा विचार झालेला नाही.

सामान्यतः तीन प्रकारचे अभिप्राय ऐकू येतात. पहिला, "छान आहे." दुसरा, "यात काही दम नाही." तिसरा, "असे नको, असे कर." पहिल्याने विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्याने तो खचतो. तिसरा अभिप्राय उपयुक्त वाटतो, पण त्याने गेम विद्यार्थ्याचा न राहता शिक्षकाचा होतो. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाच्या बाबतीत हे नुकसान अधिक आहे. एका शेऱ्यानंतर तो दुसरा गेम करायलाच घेत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बुऱ्हाणपूरसारख्या उर्दूभाषक परंपरा असलेल्या शहरातील शिक्षकाला फार दूर जाण्याची गरज नाही. उर्दू काव्यातील इस्लाहची पद्धत त्याच्या परिचयाची आहे. शागिर्दाने गझल उस्तादाला दाखवायची आणि उस्तादाने ती दुरुस्त करून द्यायची, असा हा रिवाज आहे. मिर्झा गालिब हे काम टपालानेही करीत. त्यांच्या शागिर्दांत मुन्शी हरगोपाल तफ्ता होते, तसेच औरंगाबादचे मियाँदाद खाँ सय्याहही होते. 'ऊद-ए-हिंदी' (१८६८) आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' (१८६९) या पत्रसंग्रहांमुळे गालिब आणि त्यांचे शागिर्द यांच्यातील हा व्यवहार आजही वाचता येतो. शब्द बदलला तर तो का बदलला, हे सांगण्याची काळजी या पत्रांत अनेक ठिकाणी दिसते.

इस्लाहमधून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे दोषांची वर्गवारी. बहर चुकणे हा उघड दोष आहे, त्यावर मतभेद संभवत नाही. मजमून फिका वाटणे ही रुचीची बाब आहे. गेममध्येही पात्र भिंतीत अडकणे किंवा गुण चुकीचे मोजले जाणे हा उघड दोष होय. रंग न आवडणे ही रुची होय. दोन्ही एकाच सुरात सांगितले की विद्यार्थ्याला आधी काय दुरुस्त करावे ते कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कारण देणे. कारण कळले तर विद्यार्थी पुढच्या वेळी तो दोष स्वतः ओळखू शकतो.

तथापि ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. शेर उस्ताद स्वतः वाचून पारखू शकतो. गेमचे तसे नाही. तो खेळणाऱ्याच्या हातातच पूर्ण होतो. शिवाय गेम करणाऱ्याला वाट आधीच ठाऊक असल्याने नवख्याची अडचण त्याला दिसत नाही. म्हणून गेम तिसऱ्याच विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, शिक्षक व कर्ता यांनी शेजारी बसून केवळ पाहावे आणि मध्ये बोलू नये, हे आवश्यक ठरते.

उदाहरणादाखल, समजा एका विद्यार्थ्याने कुंडी भंडाऱ्यावर गेम केला. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणणारी ही व्यवस्था खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. खेळणाऱ्याने एकेका कुंडीत उतरून पाण्याची वाट मोकळी करायची, अशी कल्पना आहे. खेळणारा पहिल्या कुंडीपाशी तीनदा मागेपुढे जातो आणि कंटाळून गेम बंद करतो. येथे "गेम समजत नाही" हा शेरा निरुपयोगी आहे. त्याऐवजी शिक्षकाने म्हणावे, "तो पहिल्या कुंडीशी तीनदा आला, पण खाली उतरता येते हे त्याला कळले नाही. हे त्याने स्वतः शोधावे, अशी तुझी इच्छा होती का?" उत्तर 'नाही' असेल तर एक ओळीची सूचना पुरे. 'होय' असेल तर पाण्याचा आवाज, लोंबणारा दोर असा काही इशारा हवा. कोणता, हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे.

मोठ्या पातळीवरही हेच दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेच्या 'राजी' या गेमसाठी २०१७ साली काढलेली लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. तरी काम चालू राहिले आणि २०२० साली गेम प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्यातील चित्रमयता वाखाणली, तर काहींनी लढाईच्या प्रसंगांतील उणिवा दाखवल्या. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत याच अंगावर काम झालेले दिसते. 'गेम फसला' एवढ्याच शेऱ्यातून अशी दुरुस्ती संभवत नाही. दोष कोठे आहे, हे कळावे लागते.

या पद्धतीवर एक आक्षेप येऊ शकतो. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात इतका वेळ कोठून आणावा? त्यावर उपाय असा की खेळणे आणि टिपणे हे काम विद्यार्थ्यांच्या जोड्यांकडे सोपवावे, आणि शिक्षकाने प्रत्येक गेममधील एकाच अडचणीवर बोलावे. गुणदान मात्र दुरुस्तीनंतरच करावे. आधी गुण मिळाले की दुरुस्तीचे कारण उरत नाही.

सारांश, अभिप्रायाची कसोटी शिक्षकाच्या जाणकारीत नाही. तो ऐकून विद्यार्थी त्याच संध्याकाळी पुन्हा संगणकापुढे बसला का, आणि बसल्यावर काय बदलायचे हे त्याला ठाऊक होते का, यावर ती ठरते. मागे यंत्रमागाचा आवाज चालू असलेल्या बुऱ्हाणपुरातील घरांत हे समजावून सांगावे लागू नये. तुटलेला धागा तुटल्या जागीच सांधतात, त्यासाठी ताणा उसवत नाहीत.