राजा फिरायला निघाला

बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं. त्यांचा पहिला नियम असा, की राजानं उंबरठा ओलांडायचा नाही. तो किल्लेकोट करून कोपऱ्यात बसणार. मरायचं ते प्याद्यांनी.

परवा झोप येईना म्हणून इंटरनेटवर एका अनोळखी गृहस्थांशी डाव मांडला. ना नाव, ना गाव. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि दुसऱ्याच खेळीला त्या मोकळ्या घरात चक्क राजा आणून उभा केला! लुंगीवर दूध आणायला निघाल्यासारखा.

मला तो अपमान वाटला. ‘थांब लेका’ म्हणत हाताला लागेल ते मोहरं त्याच्या अंगावर सोडलं, आणि शेवटी मीच मात खाल्ली.

या खेळीला ‘बाँगक्लाउड’ म्हणतात म्हणे. मार्च २०२१ मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता कार्लसन हीच खेळला. समोरच्या नाकामुरानंही राजा काढला. दोन्ही राजे आत-बाहेर करत राहिले आणि ६ खेळ्यांत बरोबरी! अर्थात दोघांचंही पुढच्या फेरीतलं स्थान आधीच पक्कं होतं.

समीक्षा करायचीच तर खेळी टाकाऊ आहे. वजीर आणि उंट दोघांची वाट अडते, किल्लेकोटही जातो. पण वडील असते तर डाव पाहून म्हणाले असते, “तो खेळतोय रे. तू भांडतोयस.”

काल मीही राजाला बाहेर काढलं. ११ खेळ्यांत हरलो. झोप मात्र झकास लागली.